बाईंनाच उत्तर माहीत नसेल तर?

(तरुण शिक्षक आणि अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या देशात शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. परीक्षेसाठी तुम्ही सगळ्यांनी तो पाठ केला असेल. आज त्यातली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून बघू. कलम २९ म्हणतं की मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं आणि मूल भय, दडपण, चिंता यांपासून मुक्त असावं. कलम २४ शिक्षकाची कर्तव्यं सांगतं, आणि त्यात लिहिलंय की संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाला पाहिजे. एक कलम म्हणतं, थांबा, मुलाला शोधू द्या. दुसरं म्हणतं, चला, फेब्रुवारी उजाडला, अजून तीन धडे बाकी आहेत.

दोन्ही कलमांचा हेतू चांगलाच आहे. पण दोन्हींच्या मधे एक माणूस उभा आहे, हातात खडू घेऊन. मुलाला भयमुक्त करायची जबाबदारी आपण त्याच्यावर टाकली. त्याच्या स्वतःच्या भयाचं काय करायचं, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. मला आज त्या भयाबद्दल बोलायचं आहे.

प्रशिक्षणात आपल्याला सांगतात, कृतियुक्त अध्यापन करा, मुलांना हाताने करू द्या, प्रश्न विचारू द्या. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये सगळे माना डोलावतात. पण बाहेर चहाच्या टपरीवर खरं बोलणं सुरू होतं. "प्रयोग फसला तर?" "पोरांनी असं काही विचारलं की जे मलाच येत नाही, तर?" "वर्गात गोंधळ झाला आणि नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख आले तर?" "पालक म्हणाले, नुसतं खेळवता, शिकवत काहीच नाही, तर?" या प्रश्नांना आळस म्हणून उडवून लावणारे पुष्कळ भेटतील. मला ते आळसाचे वाटत नाहीत. जो शिक्षक मनापासून काही वेगळं करायला निघतो, त्यालाच हे प्रश्न पडतात. पुस्तक वाचून दाखवणाऱ्याला असला धोकाच नसतो.

एक उदाहरण घेऊ. ताटलीत पाणी घ्यायचं, मधोमध पेटती मेणबत्ती ठेवायची आणि वरून काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं. हा प्रयोग वर्षानुवर्षं शाळांमध्ये होतोय. त्याचं ठरलेलं स्पष्टीकरणही तुम्ही ऐकलं असेल: आतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. फळ्यावर आकृती काढून हे सांगितलं की पाच मिनिटांत विषय संपतो. कुणी काही विचारत नाही.

आता हाच प्रयोग मुलांच्या हातात द्या. एखादा गट हमखास एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावेल, आणि पाणी जास्त चढेल. मग एखादी मुलगी विचारेल, "मिस, पेला तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजन जास्त कुठून आला?" दुसरा एखादा सांगेल की पेला घालताना कडेने बुडबुडे बाहेर आले. तिसऱ्याच्या लक्षात येईल की मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढलंच नाही, ती विझल्यावर भराभर चढलं.

तिघंही बरोबर आहेत. चुकलं आहे ते ठरलेलं स्पष्टीकरण. ज्योतीच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते आणि तिच्यातली काही निसटते. ते बुडबुडे म्हणजे तीच हवा. मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त असल्या की हवा जास्त तापते, म्हणून पाणी जास्त चढतं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो.

फळ्यावरच्या पाच मिनिटांत शिक्षकाला पूर्ण खात्री होती, पण ती खात्री चुकीच्या गोष्टीची होती. प्रयोग करणाऱ्या वर्गात खात्री डळमळली आणि मुलं खरं काय आहे त्याच्या जवळ पोहोचली. अनिश्चितता आपल्याला अडचण वाटते. विज्ञानाच्या तासाला मात्र बऱ्याचदा तिच्यातूनच शिकणं सुरू होतं.

दुसरं उदाहरण आणखी सोपं आहे. मुलांना दोन वाट्यांत मूग पेरायला सांगा. एक वाटी उजेडात, एक कपाटात. आपली अपेक्षा असते की उजेडातलं रोप जोमदार वाढेल. आठवड्याने मुलं कपाट उघडतात तर अंधारातलं रोप जास्त उंच! नवीन शिक्षिकेचं तोंड उतरतं, प्रयोग फसला असं तिला वाटतं. पण फसलं काहीच नाही. अंधारातलं रोप उजेडाच्या शोधात उंच जातं, पण ते पिवळट आणि लेचंपेचं असतं. "मग उंच म्हणजे निरोगी का?" या प्रश्नावर पुढचे दोन तास जाऊ शकतात. प्रयोग फसला असं म्हणण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, तो फसला आहे, की माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला आहे?

आता सगळ्यात मोठी भीती: मलाच उत्तर आलं नाही तर?

आपल्याकडे शिक्षकाला सगळं माहीत असतं असा एक समज आहे. पण ज्या परंपरेत आपण वाढलो, तिच्यात "मला माहीत नाही" हे वाक्य लाजिरवाणं नाही. मदिनेचे इमाम मालिक यांच्याबद्दल एक प्रसिद्ध रिवायत सांगितली जाते. कुणीतरी लांबून अनेक प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आला, आणि त्यातल्या बहुतेक प्रश्नांवर त्यांनी एकच उत्तर दिलं, "ला अद्री", मला माहीत नाही. आपल्या काळातला एवढा मोठा आलिम हे म्हणू शकतो, तर सहावीच्या वर्गातल्या शिक्षकाला ते म्हणायला काय हरकत आहे? मात्र वर्गात तिथेच थांबून चालत नाही. "मला माहीत नाही" याच्या पुढे लगेच "आपण कसं शोधू?" हे यायला हवं. पहिल्या वाक्याने शिक्षक प्रामाणिक ठरतो. दुसऱ्या वाक्यामुळे तो शिक्षक राहतो.

हे बोलणं सोपं आहे, निभावणं अवघड. ते एकट्याने निभत नाही, हे मी एका खऱ्या इतिहासावरून सांगतो.

मध्य प्रदेशात होशंगाबाद नावाचा जिल्हा होता, आज त्याला नर्मदापुरम म्हणतात. तिथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. होशंगाबाद विज्ञान या नावाने तो ओळखला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात मदतीला आले. मुलं चार-चारच्या गटात बसून स्वतः प्रयोग करायची. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकांत तयार उत्तरं कमी आणि प्रश्न जास्त असायचे. आणि शिकवणारे कोण होते? गावातल्या सरकारी शाळांचे साधे शिक्षक. त्यांतल्या अनेकांनी स्वतः शाळेत असताना कधी प्रयोगाचं साहित्य हाताळलेलं नव्हतं.

या लोकांनी शिक्षकांना "घाबरू नका" असं भाषण देऊन परत पाठवलं नाही. त्यांनी भीतीच्या एकेका कारणाला एकेक व्यवस्था उभी केली.

साहित्य कुठून आणायचं? शाळेला किट मिळायची, आणि शक्य तिथे आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूच वापरायच्या. पुण्यात इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करण्याची त्यांची कल्पना तिथलीच. आज त्या काड्यांचे त्रिकोण-चौकोन महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत दिसतात.

प्रयोग जमला नाही तर? उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग आधी करायचे. वर्षभर दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसायचे आणि कुणाचं काय अडलं ते मांडायचे. अडलं हे मान्य करायची जागाच त्यांनी ठरवून दिली होती.

उत्तर आलं नाही तर? त्यांनी सवालीराम नावाचं एक पात्र तयार केलं. मुलं त्याला पत्र लिहून काहीही विचारू शकत होती, आणि जाणकार मंडळी उत्तरं पाठवायची. सगळी उत्तरं आपल्याच खिशात असली पाहिजेत, या ओझ्यातून शिक्षक सुटला.

आणि परीक्षेचं काय? परीक्षाच बदलली. पुस्तक उघडून लिहायची लेखी परीक्षा आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. प्रयोगातून शिकवायचं आणि पाठांतर तपासायचं, असा दुटप्पीपणा त्यांनी ठेवला नाही.

१६ शाळांचं हे काम पुढे पूर्ण जिल्ह्यात पसरलं. १९८२ साली त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि हे काम हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोहोचलं. शेवटही सांगायला हवा. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबू शकतं, हीही एक अनिश्चितता आहे, आणि तिच्यावर कुठलीही किट चालत नाही. पण जी मुलं त्या वर्गांत बसली, जे शिक्षक एकदा प्रश्न विचारायला शिकले, त्यांच्याकडून ते शिकणं कुठलाही आदेश परत घेऊ शकत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल.

तुमच्यातले काही जण उर्दू शाळांत आहेत, काही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत, काही विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या पगारावर. काही जण शिक्षणसेवक आहेत, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. काही जणी मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना शिकवतात. अनेकांच्या घरात नोकरी करणारी तुमची पहिलीच पिढी आहे. अशा माणसाला चूक परवडत नाही. त्यात मराठी शाळेत एकटी मुस्लिम शिक्षिका असेल, तर तिची चूक कित्येकदा तिच्या एकटीची राहत नाही. "यांचं असंच असतं" हे वाक्य हवेत तयारच असतं. उलट बाजूने मोहल्ल्यातले वडीलधारे म्हणतात, "पोरांना दहावी पास करा, हे खेळ पुढारलेल्यांच्या पोरांसाठी असतात." दोन्हीकडून दबाव, म्हणून सुरक्षित रस्ता एकच उरतो: पुस्तक, फळा, पाठांतर.

मला त्या वडीलधाऱ्यांचा राग येत नाही. त्यांना भीती वाटते की आपल्या मुलांवर प्रयोग होतील आणि गुण दुसऱ्यांच्या मुलांना मिळतील. पण नीट पाहा. महागड्या शाळेतल्या मुलाला घरी पुस्तकं मिळतात, प्रश्नांना उत्तर देणारे आईवडील मिळतात. त्याचा एखादा कंटाळवाणा तास भरून निघतो. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाला "का?" विचारण्याची जागा बऱ्याचदा शाळेशिवाय दुसरीकडे मिळतच नाही. ती जागा शाळेनेही बंद केली, तर ते मूल शाळा सोडतं, नाहीतर शाळेत बसून मनाने निघून जातं. म्हणून हाताने शिकण्याची गरज सगळ्यात जास्त आपल्याच मुलांना आहे.

आणि ही कल्पना बाहेरून आलेली नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, याचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जामिया मिल्लिया इस्लामियाची धुरा त्यांच्याकडे १९२६ ते १९४८ अशी बावीस वर्षं होती. जामियाकडे पैसा नव्हता. शिक्षकांनी वीस वर्षं सेवा करायची आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही, अशी प्रतिज्ञा घेतली होती. असा त्याग आज तुमच्याकडून कुणी मागू नये, शिक्षकाला योग्य पगार मिळालाच पाहिजे. मला दाखवायचं आहे ते वेगळं. उद्या काय होईल हे माहीत नसताना ते उभे राहिले, कारण ती प्रतिज्ञा त्यांनी सोबत्यांबरोबर घेतली होती.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. इब्न अल-हैथम यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, हजार वर्षांपूर्वी त्यांनी प्रकाशावर प्रयोग केले म्हणून सांगतो. मग आपल्या वर्गाच्या खिडकीला काळा पुठ्ठा लावून, त्याला एक बारीक भोक पाडून, समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड उलटं दिसतं का, हे आपण किती जणांनी पाहिलंय? अभिमानाला खर्च लागत नाही. पुठ्ठ्याला दहा रुपये लागतात, आणि वारसा चालतो तो त्या पुठ्ठ्यानेच.

मग उद्यापासून काय करायचं? पाच गोष्टी सांगतो.

पहिली. सगळं एकदम बदलू नका. आठवड्यातून एक तास निवडा. बाकीचे तास नेहमीसारखे घ्या. पाढे, शुद्धलेखन, वाचन यांना सराव लागतोच. प्रत्येक गोष्ट कृतीतून शिकवायचा हट्ट धरू नका.

दुसरी. प्रयोग आदल्या दिवशी घरी करून पाहा, आणि मुद्दाम बिघडवूनही पाहा. पाणी कमी घ्या, मेणबत्त्या वाढवा. निम्मी भीती तिथेच जाते. उरलेली निम्मी वर्गात न्या, ती मुलांच्या कामाची आहे.

तिसरी. वर्गात एक प्रश्नवही ठेवा. उत्तर आलं नाही की प्रश्न तारखेसह त्यात लिहा आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे परत या. परत येणं महत्त्वाचं. "नंतर बघू" म्हणून प्रश्न विसरलात, तर मुलं शिकतात की प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

चौथी. लोकांना आधी सांगा, मग करा. मुख्याध्यापकांना टाचण दाखवा: या तासाला आवाज होईल, कारण चार-चारचे गट असतील, आणि यातून हा हा भाग शिकवून होईल. पालकांना महिन्यातून एकदा बोलवा आणि प्रयोग मुलांनाच करून दाखवू द्या. लिंबू, साबण आणि हळदीचा कागद पुरे. साबणाच्या पाण्याने हळद लाल का होते हे आपल्या मुलीच्या तोंडून ऐकलेली आई पुन्हा "नुसतं खेळवता" म्हणणार नाही. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, हे तिने घरी कितीतरी वेळा पाहिलेलं असतं.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एक सोबती शोधा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शेजारच्या शाळेत, उर्दू असो की मराठी, जो कुणी असेल तो. महिन्यातून एकदा बसा आणि फक्त काय जमलं नाही तेवढंच बोला. जमलेल्या गोष्टींचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतच असतात.

फोटोंवरून एक सावधगिरीची सूचना. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेकांनी तिथून खूप काही आणलं. काही ठिकाणी मात्र फक्त रंग आला: फरशीवर आकडे, जिन्यावर पाढे, भिंतीवर झाडं. रंग वाईट नाही. पण मुलाने त्यावर पाय ठेवून एक तरी प्रश्न विचारला का, हे पाहायला हवं. प्रश्नाशिवाय कृती म्हणजे सजावट. साधनं साधी असली तरी चालतं. बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दगड, पानं, शिंपले घेऊन बालशिक्षण उभं केलं, कारण माँटेसरीची विकत मिळणारी साधनं गावाला परवडणारी नव्हती.

मित्रहो, तुमची भीती पूर्ण जाईल असं आश्वासन मी देत नाही. दहा वर्षं शिकवल्यावरही नव्या वर्गात नवा प्रयोग करताना पोटात थोडं गलबलतं. तसंच गलबलणं रोज त्या मुलाच्या पोटात असतं, ज्याला आपण उभं करून विचारतो, "सांग, उत्तर काय?" आपण त्याच्याकडून रोज जे धाडस मागतो, ते आठवड्यातून एक तास स्वतः करायचं, इतकंच माझं मागणं आहे. कायद्याने मुलाला भयमुक्त करायला सांगितलं आहे. न जाणण्याला न घाबरणारा एक मोठा माणूस मुलाने समोर पाहिला, की त्या कामाला सुरुवात होते.

या सोमवारी एक तास निवडा. एकच. आणि पुढच्या महिन्यात भेटाल तेव्हा काय फसलं ते सांगायला या.